कारणे विकणारा माणूस

सकाळी उठून ‘पेप्सोडेंट’ने दात घासावेत, न्याहारीला पेलाभर संत्र्याचा रस घ्यावा, सर्दी झालीच तर कागदी रुमाल वापरून फेकून द्यावा, यात आज कोणालाही नवल वाटत नाही. शहरी माणसाच्या दिनक्रमात या गोष्टी अशा काही मिसळून गेल्या आहेत की, त्या कोणी तरी जाणीवपूर्वक रुजवल्या असतील अशी शंकाही मनाला शिवत नाही. पण त्या रुजवल्या गेल्या, आणि त्यामागे शिकागोतील एका जाहिरात संस्थेचा मालक होता. आल्बर्ट डेव्हिस लास्कर हे त्याचे नाव. आधुनिक जाहिरातशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत लास्कर यांची गणना होते. अमेरिकेतील वैद्यक संशोधनाचा सर्वांत मानाचा पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो. कर्करोग संशोधनासाठी निधी उभारण्यात आयुष्याची अखेरची दहा वर्षे घालवणाऱ्या या माणसाने त्याआधीची कित्येक वर्षे अमेरिकी स्त्रियांच्या हाती सिगारेट देण्यात खर्ची घातली होती.

लास्कर यांचा जन्म १ मे १८८० रोजी जर्मनीतील फ्रायबर्ग येथे झाला. आई-वडील तेथे प्रवासानिमित्त गेले होते. कुटुंबाचे वास्तव्य अमेरिकेत, टेक्सास राज्यातील गॅलव्हेस्टन या बंदराच्या गावी होते. वडील मॉरिस लास्कर हे प्रशियातून स्थलांतर केलेले ज्यू व्यापारी. पिठाच्या गिरण्या, जमिनी, बँक असा त्यांचा पसारा होता. मुलाचा ओढा मात्र छापखान्याकडे. बाराव्या वर्षी त्याने स्वतःचे साप्ताहिक काढले. त्यासाठी जाहिराती गोळा करणे, मजकूर लिहिणे, अंक विकणे ही सारी कामे तो स्वतःच करी. पुढे वार्ताहरच व्हायचे, हा त्याचा निश्चय होता. पत्रकार म्हटला की तो मद्यपी असणारच, अशी वडिलांची ठाम समजूत होती (या समजुतीचे आयुष्य बरेच दीर्घ ठरले आहे). शेवटी तडजोड झाली. शिकागोच्या ‘लॉर्ड अँड टॉमस’ या जाहिरात संस्थेत काही काळ उमेदवारी करावी आणि नंतर हवे तर वर्तमानपत्राची वाट धरावी, असे ठरले. १८९८ साली अठरा वर्षांचे लास्कर आठवड्याला १० डॉलरवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत त्यांनी जुगारात ५०० डॉलर गमावले. मालकांपैकी एकाने ते कर्ज भागवले आणि ते फेडेपर्यंत नोकरी सोडणे अशक्य होऊन बसले. वार्ताहर होणे राहूनच गेले.

त्या काळी जाहिरात संस्था म्हणजे निव्वळ दलाली होती. वर्तमानपत्रांतील जागा घाऊक भावाने घ्यायची, ती उत्पादकाला विकायची आणि मधले कमिशन खिशात टाकायचे. जाहिरातीत काय लिहायचे, हे बहुधा उत्पादक स्वतःच ठरवी. उत्पादनाचे नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले म्हणजे झाले, अशी सर्वमान्य कल्पना होती. लास्कर यांना हे पुरेसे वाटत नव्हते. संस्थेचा एक ग्राहक बहिऱ्यांसाठी कानात बसवण्याची कृत्रिम साधने टपालाने विकत असे. त्याची जाहिरात आपण नव्याने लिहून देऊ, मात्र कमिशन १० ऐवजी १५ टक्के द्यावे लागेल, असे लास्कर यांनी सुचवले. कानामागे हात धरलेल्या माणसाचे चित्र आणि नेमका, थेट मजकूर असलेली जाहिरात निघाली आणि विक्री झपाट्याने वाढली. पुढे अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने अशा साधनांची गणना बहिरेपणावरच्या फसव्या उपायांत केली. लास्कर यांच्या कारकिर्दीतील पहिले मोठे यश हे असे होते. शब्दांत विक्रीचे बळ असते हे त्यातून सिद्ध झाले. त्या शब्दांमागची वस्तू कशी आहे, हा प्रश्न तेव्हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता आणि पुढेही फारसा झाला नाही.

जाहिरात म्हणजे नेमके काय, या कोड्याचे उत्तर त्यांना १९०४ साली मिळाले. जॉन केनेडी नावाचा, कॅनडाच्या घोडदळ पोलिसांत काम केलेला एक उंचपुरा गृहस्थ कार्यालयाच्या इमारतीतील मद्यालयात येऊन बसला आणि त्याने वर चिठ्ठी धाडली. जाहिरात म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, हवे असेल तर सांगतो, असा तिचा आशय होता. ज्येष्ठ भागीदारांनी ती हसण्यावारी नेली. लास्कर यांनी त्याला बोलावून घेतले आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत दोघे बोलत बसले. जाहिरात म्हणजे छापील विक्रेता, हे केनेडीचे सूत्र होते. दारावर आलेला हुशार विक्रेता जसे बोलेल, तसेच जाहिरातीने बोलले पाहिजे. ही वस्तू का घ्यावी, याचे पटणारे कारण तिने दिले पाहिजे. हे सूत्र आज बाळबोध वाटते, पण १९०४ मध्ये ते नवे होते. लास्कर यांनी संस्थेतच मजकूर लेखकांची शाळा उघडली. कोणत्या वर्तमानपत्रातील कोणत्या जाहिरातीने किती चौकशीपत्रे आणली, याच्या नोंदी ठेवणारा स्वतंत्र विभाग त्यांनी सुरू केला. अंदाजाची जागा आकड्यांनी घेतली. १९१२ च्या सुमारास, वयाच्या बत्तिशीत, ते संस्थेचे एकमेव मालक झाले होते.

केनेडीनंतर त्यांना क्लॉड हॉपकिन्स हा त्याहून मोठा कारागीर गवसला. हॉपकिन्सने ‘श्लिट्झ’ बिअरसाठी लिहिलेली जाहिरात एका प्रकाशकाच्या तोंडून लास्कर यांच्या कानी आली. तो प्रकाशक स्वतः मद्याला स्पर्श न करणारा आणि आपल्या नियतकालिकांत मद्याची जाहिरातही न घेणारा होता. त्यालासुद्धा ती जाहिरात वाचून बिअर मागवावीशी वाटली. बिअरच्या बाटल्या वाफेने कशा धुतल्या जातात, पाणी किती खोल विहिरीतून येते, हवा कशी गाळली जाते, याचे वर्णन त्यात होते. त्यातील प्रत्येक शब्द खरा होता. गंमत एवढीच की, इतर बिअर कारखानेही बाटल्या तशाच धुत असत. सर्वांपाशी असलेली गोष्ट पहिल्याने सांगायची आणि ती आपलीच आहे असे भासवायचे, ही युक्ती जाहिरातविश्वात आजही मुळाक्षरांसारखी गिरवली जाते. ग्राहकाशी धादांत खोटे न बोलताही त्याची दिशाभूल करता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

हॉपकिन्सचा इतिहास एवढाच असता तर प्रश्न नव्हता. ‘लिक्वोझोन’ या द्रवाचा प्रचारही त्यानेच केला होता. क्षय, हिवताप, कर्करोग अशा डझनावारी व्याधींवर तो उतारा म्हणून विकला जाई. पत्रकार सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांनी १९०५ साली ‘कोलियर्स’ साप्ताहिकातील लेखमालेत त्याचे बिंग फोडले. बाटलीत जवळजवळ सगळे पाणीच होते, सोबत नाममात्र आम्ल. अशा नावाजलेल्या औषधांविरुद्ध उठलेल्या लोकक्षोभातूनच १९०६ साली अमेरिकेत अन्न व औषधविषयक कायदा झाला. लास्कर यांनी हॉपकिन्सला आपल्या पदरी घेतले ते त्यानंतर, १९०७ मध्ये. त्यांना माणसाचे कसब दिसत होते. कसब कशासाठी राबवले गेले, याची त्यांनी फारशी फिकीर केल्याचे दिसत नाही.

तरीही लास्कर यांचे सारे काम एका रंगात रंगवणे अन्यायाचे होईल. कॅलिफोर्नियातील संत्री बागायतदारांचीच गोष्ट घ्यावी. पीक इतके उदंड आले होते की भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी बागा तोडायला सुरुवात केली. बागायतदारांच्या सहकारी संघाचे काम ‘लॉर्ड अँड टॉमस’कडे होते. तेथे ‘सनकिस्ट’ हे नाव रूढ झाले आणि १९१६ च्या सुमारास संत्रे खाण्याऐवजी प्या, हा प्रचार सुरू झाला. रस काढण्याचे स्वस्त काचेचे साधनही लोकांना देऊ करण्यात आले. एका वेळी अर्धे-एक संत्रे खाणारा माणूस रसासाठी दोन-तीन वापरू लागला. बागा वाचल्या आणि घराघरांत न्याहारीला फळाचा रस आला. यात कोणाचे वाईट झाले, हे शोधावेच लागेल.

‘कोटेक्स’ या सॅनिटरी नॅपकिनबाबतही तेच. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी बनवलेला शोषक कागदी कापूस युद्ध संपल्यावर पडून होता. आघाडीवरच्या परिचारिकांनी त्याचा दुसरा उपयोग आधीच शोधून काढला होता. अडचण वस्तूची नव्हती, ती तोंडाने मागण्याची होती. पुरुष दुकानदारासमोर स्त्रीने हा शब्द कसा उच्चारायचा? आणि छापण्याजोग्या भाषेत तो मासिकात तरी कसा मांडायचा? लास्कर यांच्या संस्थेने स्त्रियांच्या मासिकांतून संयत, प्रतिष्ठित भाषेत हा विषय उघड केला. दुकानांत साध्या कागदात गुंडाळलेली खोकी फळीवर रचून ठेवली जात आणि शेजारी पैसे टाकायला पेटी असे. एक अक्षर न बोलता खरेदी करता येई. आपल्याकडेही औषधांच्या दुकानात हीच वस्तू वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून देण्याची रीत आहे. ती पाहता तेव्हाच्या संकोचाची कल्पना यावी. त्याच कंपनीचा ‘क्लीनेक्स’ आधी चेहऱ्यावरचे क्रीम पुसण्यासाठी विकला जात होता. पण चाचणीत अर्ध्याहून अधिक ग्राहक त्याचा उपयोग नाक पुसायला करतात असे आढळले. तेव्हा कंपनीने आपला आग्रह सोडून ग्राहकाचे ऐकले.

‘पेप्सोडेंट’ची कहाणी या दोन टोकांच्या मधली आहे. दातांवरून जीभ फिरवून पाहा, एक थर जाणवेल, असे हॉपकिन्सने वाचकाला सांगितले. वाचकाने जीभ फिरवली आणि थर जाणवला. तो नेहमीच जाणवतो, आणि कशानेही दात घासले तरी तेवढ्यापुरता निघतो. दात रोज घासण्याची सवय अमेरिकेत पसरली, यात या जाहिरातींचा वाटा मोठा मानला जातो. हा लाभ खराच. परंतु याच पेस्टमध्ये पुढे ‘इरियम’ नावाचे अद्भुत द्रव्य असल्याचा गाजावाजा झाला. फेस आणणाऱ्या एका साध्या प्रक्षालक रसायनाला दिलेले ते बनावट नाव होते. १९४४ साली ही पेस्ट लिव्हर ब्रदर्सने विकत घेतली आणि पुढे त्याच घराण्यामार्फत ती भारतातील दुकानांतही पोहोचली.

दंतमंजन विकण्याचे तंत्र माणसांच्या बाबतीतही लागू पडते का, हे लास्कर यांनी दोनदा आजमावले. अटलांटातील पेन्सिल कारखान्याचा ज्यू व्यवस्थापक लिओ फ्रँक याला १९१३ साली एका अल्पवयीन कामगार मुलीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुरावा अत्यंत संशयास्पद होता. लास्कर यांनी स्वतःचे पैसे ओतले, गुप्तहेर नेमले आणि देशभरची वर्तमानपत्रे हलवली. राज्यपालांनी १९१५ साली फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. मात्र उत्तरेतील धनिक आपल्यावर दडपण आणत आहेत, अशी भावना जॉर्जियात पेटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमावाने फ्रँकला तुरुंगातून पळवून झाडाला फासावर लटकवले. जॉर्जिया राज्याने त्याला माफी दिली ती १९८६ साली. प्रचाराने मतपरिवर्तन होते तशी मते कडवीही होतात, हा धडा लास्कर यांना महागात पडला.

दुसरा प्रयोग यशस्वी झाला. १९२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार वॉरन हार्डिंग यांच्या प्रचाराची सूत्रे त्यांच्याकडे होती. शिकागो कब्ज या बेसबॉल संघात त्यांची मोठी मालकी होती. तो संघच त्यांनी हार्डिंग यांच्या गावी खेळायला नेला आणि उमेदवाराच्या हाती चेंडू देऊन छायाचित्रकारांना बोलावले. हार्डिंग यांचे एका विवाहितेशी दीर्घकाळ संबंध होते. तिला व तिच्या पतीला पैसे देऊन परदेशी रवाना करण्याची कामगिरीही लास्कर यांनी पार पाडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. काय दाखवायचे याबरोबर काय दिसू द्यायचे नाही, हेही आता जाहिरातीच्या कक्षेत आले होते. विजयानंतर त्यांना सरकारी जहाज मंडळाचे अध्यक्षपद मिळाले. दोन वर्षांत वॉशिंग्टनला कंटाळून ते शिकागोला परतले.

परतल्यावर त्यांच्याकडे ‘लकी स्ट्राइक’ आली. अमेरिकन टोबॅको कंपनीचे जॉर्ज वॉशिंग्टन हिल हे हट्टी आणि विक्रीने झपाटलेले गृहस्थ. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची बाजारपेठ वाटली गेली होती. स्त्रियांची जवळजवळ कोरी होती, कारण चारचौघांत सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीकडे समाज वाकड्या नजरेने पाही. येथे लास्कर यांचा एक घरगुती अनुभव उपयोगी पडला. त्यांच्या पत्नी फ्लोरा यांना वजन कमी करण्यासाठी जेवणापूर्वी सिगारेट ओढण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला होता. शिकागोतील एका उपाहारगृहात त्यांनी ती पेटवताच मालक धावत आला आणि इतर ग्राहकांना हे खपणार नाही, असे अजिजीने सांगू लागला. लास्कर संतापले. पत्नीवरील अन्यायाचा तो राग प्रामाणिक असावा. त्याच रागातून एक मोहीम उभी राहिली आणि तिचा लाभार्थी तंबाखूचा कारखानदार होता.

युरोपीय गायिका उघडपणे धूम्रपान करतात हे हेरून ऑपेरातील नामवंत गायिकांची प्रशस्तिपत्रे छापली गेली. जिचा गळा हीच जिची दौलत, ती ही सिगारेट ओढते, मग तुम्हाला भीती कसली, हा त्यातला गर्भितार्थ होता. १९२८ साली गोड पदार्थाकडे हात जाण्याऐवजी तो ‘लकी’कडे जाऊ द्या, असा सल्ला देणारी जाहिरात आली. सडपातळ स्त्रीच्या मागे तिचीच लठ्ठ, दुहेरी हनुवटीची छाया दाखवणारी चित्रे तिच्यामागून आली. मिठाई उत्पादक खवळले. व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने हस्तक्षेप केला, तेव्हा शब्द थोडे मवाळ झाले. १९३० मध्ये २०,६७९ डॉक्टरांचा हवाला देऊन ही सिगारेट घशाला कमी त्रासदायक असल्याचा दावा करण्यात आला. डॉक्टरांना सिगारेटची खोकी भेट पाठवून सोबत सोयीस्कर प्रश्न विचारला, की हा आकडा जमवता येतो. हिल यांनी स्वतंत्रपणे नेमलेले जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी तर ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि तिला स्त्रीमुक्तीची मशाल ठरवले. ते श्रेय किंवा अपश्रेय लास्कर यांचे नाही. पण दोघेही एकाच दारावर धडका देत होते आणि ते दार उघडले. दोन-तीन वर्षांत ‘लकी स्ट्राइक’ देशातील सर्वाधिक खपाची सिगारेट बनली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यात दशकांचे अंतर असते. अमेरिकी स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे बळी स्तनांच्या कर्करोगापेक्षा अधिक झाले ते १९८७ मध्ये.

या यशाच्या आतला माणूस मात्र स्वस्थ नव्हता. १९०७ पासून लास्कर यांना नैराश्याचे तीव्र झटके येत. दिवसच्या दिवस ते कामाकडे फिरकू शकत नसत. शिकागोजवळ त्यांनी स्वतःचे गोल्फ मैदान असलेली शेकडो एकरांची इस्टेट वसवली होती. १९३६ मध्ये फ्लोरा यांचे निधन झाले आणि त्या वैभवाचे त्यांना ओझे वाटू लागले. पुढे ती इस्टेट त्यांनी शिकागो विद्यापीठाला देऊन टाकली. एका अभिनेत्रीशी केलेला दुसरा विवाह काही महिन्यांतच मोडला. १९४० साली मेरी रेनहार्ट यांच्याशी विवाह झाला आणि आयुष्याला वेगळे वळण मिळाले.

मेरी यांना वैद्यकीय संशोधनाची आच होती. सिगारेट आणि दंतमंजनाच्या प्रचारावर लाखो डॉलर उधळले जातात, कर्करोगावरच्या संशोधनाला मात्र दमडी नाही, ही त्यांची तक्रार होती. लास्कर यांनी १९४२ च्या अखेरीस संस्था बंद केली. ती आपल्या तीन व्यवस्थापकांना त्यांनी अवघ्या एक लाख डॉलरना दिली. जुने नाव मात्र वापरू दिले नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘फूट, कोन अँड बेल्डिंग’चे नाव मुंबईकरांना अनोळखी नाही. बाळ मुंडकूर यांनी १९६१ साली मुंबईत स्थापन केलेल्या ‘उल्का’शी नव्वदच्या दशकात तिचीच भागीदारी झाली.

लास्कर दाम्पत्याने १९४२ मध्ये आपले प्रतिष्ठान स्थापन केले आणि मग मोर्चा वळवला तो कर्करोग नियंत्रणाच्या एका मरगळलेल्या संस्थेकडे. ती मुख्यतः डॉक्टरांची मंडळी होती. तिचे वार्षिक उत्पन्न एखाद्या साबणाच्या जाहिरातखर्चाहूनही कमी होते. कर्करोग हा शब्द आकाशवाणीवर उच्चारायलाही तेव्हा मनाई होती. ‘कोटेक्स’च्या वेळची अडचण पुन्हा समोर आली होती, आणि तिच्याशी दोन हात करण्याचा लास्कर यांना सराव होता. त्यांनी नभोवाणीतील जुन्या ओळखी कामाला लावून ती मनाई मोडून काढली. मासिकांतून लेख आले, लोकप्रिय कार्यक्रमांतून आवाहने झाली. संस्थेने ‘अमेरिकन कॅन्सर सोसायटी’ हे सुटसुटीत नाव घेतले. १९४५ साली तिने सुमारे ४० लाख डॉलर उभे केले. त्यातील चौथा हिस्सा संशोधनालाच मिळाला पाहिजे, ही अट मेरी यांनी घातली होती. सिद्धार्थ मुखर्जी यांनी कर्करोगाच्या आपल्या गाजलेल्या चरित्रात या दाम्पत्याच्या कामगिरीला मोठी जागा दिली आहे. लास्कर पुरस्कारही याच काळात सुरू झाले. हरगोविंद खुराना यांना १९६८ साली नोबेल मिळाले, त्याच वर्षी हा पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला होता.

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते सांगणारे भक्कम शोधनिबंध १९५० साली अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास लास्कर यांच्यावर आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ३० मे १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मेरी त्यानंतर चार दशके कामात राहिल्या. १९७१ च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यासाठी अमेरिकी संसदेला हलवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

लास्कर यांनी ज्या तिघांच्या हाती संस्था सोपवली, त्यातील एमर्सन फूट यांनी वर्षानुवर्षे ‘लकी स्ट्राइक’चे काम सांभाळले होते. १९४८ साली त्यांच्या संस्थेने ते कोट्यवधी डॉलरचे काम सोडले. पुढे फूट ‘मॅकॅन-एरिक्सन’ या बड्या जाहिरात संस्थेचे अध्यक्ष झाले. १९६४ साली, धूम्रपानाविषयीचा अमेरिकी सरकारचा अहवाल आला त्याच वर्षी, सिगारेटची जाहिरात करणाऱ्या संस्थेत राहायचे नाही म्हणून त्यांनी ते पद सोडले आणि धूम्रपानविरोधी प्रचाराच्या कामाला वाहून घेतले.